पाणकुशीची पाळ फोडिली त्याची हकिकत

॥ श्री ॥ प्रथम नमन उदकास, जे वरून येते आणि डोंगरातून येते आणि कोणाचे हुकुमाने येत नाही. दुसरे नमन मातीस, जी त्यास वाट देते अथवा देत नाही. तिसरे नमन वाचणारास. शके सत्राशे तीन, प्लवनाम संवत्सरे, श्रावणमासी आरणा नदीचे काठी जे जाहले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिले नाही, कारण राज्य नावाने ओळखतात आणि पाणी उंचीने, आणि ही हकिकत पाण्याची आहे.

आरणा नदी डोंगर उतरोन सपाटीस येते तेथे ऐलकाठी एक थोर सखल जमीन आहे, तीस पाणकूस म्हणतात. पूर्वी ती नदीचीच होती. पावसाळ्यात नदी फुगे आणि पाणकुशीत पसरोन बसे, आणि उन्हाळ्यापर्यंत हळूहळू उतरे, आणि तेथे लव्हाळे आणि कमळे आणि मासे आणि नाना जातींचे पक्षी असत, इतके की ते एकदम उडाले म्हणजे भर दुपारी अंगणातील वाळवणावर सावली पडे, आणि बाया पाऊस आला समजोन वाळवण उचलीत. मग हल्लींच्या राणीसरकारांचे आजेसासरे गादीवर असता त्यांनी हुकूम केला की, इतकी काळी जमीन पाण्याखाली निजवून ठेवणे राज्यास शोभत नाही. मग नदीस बांध घातला, आणि चर खणोन पाणी काढिले, आणि जमीन वाटून दिली, आणि पहिलेच साली जोंधळा ऐसा आला की त्यात स्वार शिरला तर भाल्याचे टोक मात्र दिसे. लोकांची पोटे भरली. हे आधी लिहिले पाहिजे, कारण पुढील मजकूर वाचोन कोणी म्हणेल की बांध घालणारे मूर्ख होते. ते मूर्ख नव्हते. त्यांची मुले उपाशी होती.

परंतु नदीची बसावयाची जागा गेली, आणि नदी उभी राहिली. ऐलकाठचा बांध चढला तसे पाणी पैलकाठी गेले, मग पैलकाठच्यांनी आपला बांध चढविला, मग ऐलकाठच्यांनी त्याहून चढविला, आणि दरसाल सुगी आटोपली की दोन्ही काठांवर टोपल्या चालत आणि एकमेकांस हाका मारून टोमणे देत. ऐसे होता होता नदी दोन्ही मुलखांचे वर आली. नावेत बसलेला मनुष्य खाली पाही तो घरांची कौले दिसत, आणि परसात भांडी घासणारी बाई वर पाही तो डोक्यावरून नाव चाललेली दिसे. परक्या मुलखाचे लोक हे पाहोन तोंडात बोट घालीत. तेथल्यांस त्याचे काही वाटत नसे. लहानपणापासोन पाहिलेले असे.

येथे त्या राज्यातील सर्व बांधांची, पाणकुशीहून जुनी, एक वहिवाट सांगणे जरूर आहे. बांध घालण्यास टोपली सर्व घरांची. परंतु बांध फोडण्याची वेळ आली तर कुदळ एकाचीच, ज्याचे शेत सर्वांत तळी त्याची. कारण ऐसे की पाणी आत घेतले तर पहिले त्याचे बुडते. दुसऱ्याने बांधास कुदळ लाविली तर तो बांधफोड्या ठरे, आणि त्यास मुलखाबाहेर घालीत, मग तो पाटील असो की प्रत्यक्ष गादीचा धनी. आणि दरबारात बैठकही शेताचे उंचीप्रमाणे असे. ज्याचे शेत वर तो तख्ताजवळ बसे, आणि ज्याचे शेत तळी तो दाराशी, जोड्यांजवळ. मुलूख सपाट म्हणोन हा फरक वितीबोटांचाच असे, तरी मान त्यावर ठरे. आपले शेत तळचे ऐसे कोणी चारचौघांत तोंडाने म्हटले की ते पिढ्यान्‌पिढ्या तळचे ठरे आणि पुन्हा वर येत नसे. म्हणोन ऐसे कोणी म्हटल्याचे कोणास ठाऊक नव्हते.

त्या समयी तळचे शेत ठकूबाई भोइटीण इचे होते. तिचा नवरा वारल्यास बरीच वर्षे जाहली होती, आणि ती आणि तिची विधवा सून दोघी मिळोन ते शेत राखीत, आणि त्याखेरीज त्यांजपाशी वीतभर जमीन नव्हती. बाई तोंडाची तिखट. दरबारात दाराशी बसे आणि तेथून जे बोले ते तख्तापर्यंत ऐकू जाई.

गादीवर राणी मैनाऊसाहेब होत्या. त्यांनी एके वर्षी बांधावरून फेरा केला आणि परत येऊन दरबार भरविला आणि आज्ञा केली की, पाणकुशीचा अर्धा भाग नदीस परत द्यावा, म्हणजे फुगल्या वेळी तीस पसरावयास जागा होईल आणि गेलेले पाखरू परत येईल. अर्धा भाग नांगराखाली राहील. ज्याची जमीन जाईल त्यास बदली माळावर जमीन मिळेल. तेव्हा तख्ताजवळून सुभानजी पाटील उठिले. पाटलांचा पक्ष मोठा. मुजरा करून म्हणाले, "सरकार, बगळ्यांनी अर्ज दिला आहे की काय?" दरबार हसला. राणीसरकार म्हणाल्या, "अर्ज नदीने दिला आहे. गेले साली पाणी बांधाचे माथ्याखाली वीतभर राहिले होते, ते पाहिले नाही?" पाटील म्हणाले, "वीत राहिली म्हणजे वाचलो. यंदा आणखी दोन विती चढवू." तेव्हा अंताजीपंत, जे पाणनवीस, म्हणजे राज्यातील सर्व बांध, चर आणि तळी ज्यांचे हवाली, ते म्हणाले, "मग पैलकाठचे तीन चढवतील." पाटील म्हणाले, "मग आम्ही चार." राणीसरकार म्हणाल्या, "आणि नदी?"

मग पाटील नरमले, परंतु शर्त घातली की, "पाणथळ करा, आमची हरकत नाही. परंतु तेथले पाणी आमचे शेतात शिरता नये. आणि नदीही त्यात शिरता नये, नाही तर तेथे बसोन ती आमच्याकडे पाहील. भोवती पाळ घाला." अंताजीपंतांचे घराणे सात पिढ्या बांध घालणारे. पाळ हा शब्द ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. आणि सर्व दरबारासही ते पटले, कारण या मुलखाचे लोक पाण्याशी एकच व्यवहार जाणत, तो म्हणजे आड उभे राहणे. बदली जमीन सर्वांनी घेतली, ठकूबाईने घेतली नाही. ती म्हणाली, "माळावर काय पेरू, गोटे? आणि ते उगवले तर खाईल कोण, पाटील?" तेव्हा तिचे शेत पाळेस अगदी लागोन राहिले.

नदीकडे मातीचा बांध होताच, म्हणोन उरलेल्या तिन्ही बाजूंस पाळ घातली. ऐसी पाळ त्या राज्यात पूर्वी जाहली नव्हती. आतून बाहेरून दगड, मध्ये चिकणमाती थर देऊन हत्तींकरवी तुडविलेली, वर करंजाची झाडे. ज्यांनी दरबारात विरोध केला त्यांनीच सर्वांहून अधिक टोपल्या वाहिल्या, कारण पाळ म्हटली की त्यांचे हात राहात नसत. मग आत कमळांचे कंद लाविले, आणि विहिरीवर मोट जुंपोन पाणी सोडिले, आणि ते जमिनीने पिऊन टाकिले. मग पुन्हा सोडिले. मग कुंभारांकडून कच्च्या मातीचे बगळे करविले, आणि त्यांस चुना फासोन आत जागजागी उभे केले, की त्यांस पाहोन खरे येतील. एक खरा बगळा आला. पाळेवर बसला, मातीच्या बगळ्यांकडे बराच वेळ पाहात राहिला, आणि निघोन गेला.

मग राणीसरकार पाणथळ पाहावयास आल्या, आणि पाळेवर चढल्या, आणि खाली पाहिले. आत भेगा पडलेली जमीन आणि तीवर पांढरे बगळे. म्हणाल्या, "पंत, पाणी कोठे आहे?" पंत अभिमानाने म्हणाले, "बाहेर आहे, सरकार. एक थेंब आत येऊ दिला नाही." इतके बोलोन पंत थांबले, आणि आपण काय बोलिलो ते त्यांस ऐकू आले. खाली ठकूबाई खुरपीत होती, ती मान वर करोन ओरडली, "सरकार, बगळ्यांस तहान लागली असेल तर सांजसकाळ घागरभर आणीन हो!" राणीसरकारांस हसू आले, परंतु पंतांचे तोंड पाहोन त्यांनी ते गिळिले. पंत म्हणाले, "चुकलो. पुढले साली नदीकडून एक दार ठेवतो." राणीसरकार म्हणाल्या, "ठेवा." परंतु नदी पुढले सालाची वाट पाहणारी नव्हती.

श्रावणात डोंगरात पाऊस लागला तो राहिला नाही, आणि वद्य पंचमीचे सकाळी आरणा जी दिसली ती ज्यांनी पाहिली ते अद्याप सांगताना आवाज उतरवितात. नदी वाहात नव्हती. उभी होती. तिचा नेहमीचा खळखळाट बंद पडला होता, आणि त्या जागी जमिनीतून एक घुमणे येत होते, ते कानास नव्हे, पायांस ऐकू येई. मोठमोठी झाडे मुळांसकट येत आणि आवाज न करिता निघोन जात. पाणी मध्यभागी फुगोन त्याची पाठ ऐसी वर आली होती की ऐलकाठच्या मनुष्यास पैलकाठचा मनुष्य दिसेना. बांधावर हात ठेविला तर बांध श्वास घेत आहे ऐसे वाटे. अंताजीपंतांनी खाली वाकोन कान लाविला आणि उठोन म्हणाले, "दुपारपर्यंत राहील. मग फुटेल, आणि फुटेल तो गावांसमोर फुटेल, कारण तेथे वळण आहे. घरेदारे, माणसे, काही राहणार नाही. त्याआधी आपण पाणकुशीत फोडिला तर पाणी पसरेल, शेते बुडतील, आणि गावांपुढचा जुना उंच काठ त्यास थोपवील. नदीकडील बांध फोडावा लागेल, आणि शेतांकडील पाळही. एकट्या पाळेच्या आत हे पाणी मावणार नाही."

तेव्हा सर्वांची नजर ठकूबाईकडे गेली. कुदळ तिची. राणीसरकार स्वतः पावसात भिजत बांधावर आल्या होत्या, त्या तिजपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ठकूबाई, हुकूम नाही. विचारते आहे." बाई म्हणाली, "विचारलेत ते बरे केलेत. हुकूम असता तर मी घरी जाऊन चूल पेटविली असती." मग ती आपल्या शेताकडे पाहो लागली. जोंधळा कमरेला लागला होता, आणि वाऱ्यात एका बाजूस निजत होता आणि पुन्हा उठत होता. म्हणाली, "यंदा कधी नव्हे तो बरा आला आहे हो, सरकार. सुनेस म्हणत होते, यंदा काही मागावयास नको." मग सुभानजी पाटलांकडे वळोन म्हणाली, "भावजी, तुमचेही जाईल बरे." पाटील म्हणाले, "वहिनी, माझे तुमच्याहून वीतभर वर आहे." बाई म्हणाली, "पाण्यास वीत दिसत नाही." आणि पदर खोचिला, आणि कुदळ घेतली, आणि नदीकडील बांधास घातली.

तो बांध मातीचा, पाण्याने आधीच मऊ पडलेला. थोडकी वाट जाहली तोच नदीने उरलेले काम आपण केले, आणि पाणी पाळेच्या आत शिरले. मातीचे बगळे क्षणभर पाण्यात उभे दिसले, मग पांढरे पाणी दिसले, मग तेही नाही. पाळ भरली. काठोकाठ भरली. आणि नदी बोटभरही उतरली नाही. मग ठकूबाई शेतांकडील बाजूस धावली आणि तेथे कुदळ मारिली, आणि ती दगडावर वाजोन हातातून उडाली. पुन्हा मारिली. एक ठिकरी निघाली. सूनही मदतीस आली, ती त्याच शेताची म्हणोन तीस चालत होते. दोघी मारीत राहिल्या, आणि पाळेवर ओरखडे मात्र उमटले. अंताजीपंत डोकीस हात लावोन खाली बसले आणि म्हणाले, "फार चांगली बांधिली हो. फार चांगली बांधिली." आणि सर्व गावांचे पुरुष हातात कुदळी घेऊन उभे होते, आणि एकही पुढे येईना. ठकूबाई ओरडली, "लग्नास आला आहात काय? उभे काय राहिलात?" सुभानजी पाटील म्हणाले, "वहिनी, आम्हांस चालत नाही. तळचा नाही तो बांधफोड्या." राणीसरकारांचाही येथे इलाज नव्हता, कारण ही वहिवाट तख्ताहून जुनी होती. ठकूबाईने कपाळावरचे पाणी निपटिले, दम घेतला, आणि म्हणाली, "मग तळचे व्हा की!"

हा शब्द बांधावर पडला आणि घुमणे तेवढे ऐकू येत राहिले. पाटलांचे घराणे पाच पिढ्या तख्ताजवळ बसलेले. त्यांचे शेत तळचे ठरले तर बैठक दाराशी, आणि पुढे कधीही पाणी घेण्याची वेळ आली तर पहिले त्यांचे जाणार, मुलाचे, नातवाचेही. पाटलांनी गावाकडे पाहिले. कौलांवर माणसे चढली होती, आणि अंतर फार होते, तरी पाटलांनी त्यांत आपली कोणती ते ओळखिले असावे, कारण ते तिकडे फार वेळ पाहात राहिले. मग त्यांनी डोकीचे पागोटे काढोन बांधावर ठेविले आणि मोठ्याने म्हणाले, "सुभानजी पाटलाचे शेत तळचे." आणि कुदळ उचलोन पाळेस घातली. मग त्यांचे बाजूचा म्हणाला, "माझे शेत तळचे," आणि पुढे जाहला. मग त्याचे पलीकडला. मग एकेकटे बोलणे राहिले आणि सर्व बांधावरून एकच आवाज उठिला, तळचे, तळचे, आणि तो त्या घुमण्यावर चढला. ज्यांची शेते माळावर, जेथे पाणी स्वप्नातही जाणार नाही, तेही म्हणाले. राणीसरकार म्हणाल्या, "आमची आंबराई तळची." ती आंबराई टेकडीचे माथ्यावर आहे. कोणी हसले नाही. त्यांच्या हाती कोणी कुदळ दिली, आणि ती त्यांनी बरी चालविली. सर्वांचे शेवटी अंताजीपंत उठिले. त्यांस शेत नव्हते. ते म्हणाले, "मजपाशी काही नाही. ही पाळ माझी आहे. ती तळची." आणि जेथे दोन दगडांचा सांधा कच्चा राहिला होता, आणि तो कोठे हे त्यांसच ठाऊक होते, तेथे पहार घातली.

मग पाळ गेली. पाणी गेले ते धावोन गेले नाही. ते एका उंच पांढऱ्या भिंतीसारखे उभे राहिले, मग ती भिंत वाकली, मग पसरो लागली, आणि पसरताना तिचा आवाज हळूहळू उतरत गेला, जैसे दूरचा वाटसरू घरी पोहोचल्यावर त्याचा श्वास उतरतो. कोणी वाट दाखविली नव्हती, तरी पाणी जुन्या खोलगट जागांत आधी गेले, मग ओहोळांत, मग शेतांत. दोन पिढ्या नांगरोन सपाट केलेल्या जमिनीत ते जुने कोपरे त्याने एकूण एक शोधिले. जुनी माणसे बोट दाखवोन म्हणत, "तेथे कमळे होती. तेथे भोयांचे जाळे लागे." आणि पाणी त्याच जागी जाऊन थांबे. हे पाहोन पुष्कळांनी हात जोडिले. नदीचे पाणी हातभर उतरले, मग आणखी हातभर. तेव्हा तिची पाठ खाली जाऊन पैलकाठ दिसो लागला, आणि तेथले लोक आपला बांध जिंकला समजोन टोप्या उडवीत नाचत होते. कोणी त्यांस काही सांगितले नाही.

ठकूबाई बांधावर बसोन आपले शेत पाहात होती. आधी जोंधळ्याची पाती पाण्यावर दिसत, मग शेंडे, मग नुसते पाणी. पाटील जवळ आले आणि म्हणाले, "वहिनी, माझेही गेले." बाई म्हणाली, "दिसते आहे, भावजी. बसा." मग दोघे बसली. मग राणीसरकारही तेथेच बसल्या, चिखलात.

गावे वाचली. मनुष्य एक गेले नाही. आणि ज्यांनी ज्यांनी आपले शेत तळचे म्हणोन सांगितले ते सर्व त्या दिवसापासोन ठकूबाईचे बरोबरीचे जाहले, म्हणजे तिचे नुकसान ते त्यांचे. मग ज्या टोपल्या बांधास माती वाहात त्याच टोपल्यांत माळावरचे दाणे भरोन घरोघरची माणसे तिच्या दारी आली, आणि तिने प्रत्येकास "ठेवा तेथे" इतकेच म्हटले, परंतु सुनेस आत पाठवोन सर्वांस गूळपाणी देवविले.

पाणी पाणकुशीत राहिले. भाद्रपद गेला, आश्विन लागला. एके सकाळी धुके उठत असता लोक काठी आले तो पाण्यात जागजागी पांढरे बगळे उभे. लोक चकित जाहले आणि म्हणाले, "कुंभारांचे काम खरे! इतक्या पुरात हलले नाहीत." कुंभारही तेथे होते, ते गप्प राहिले, कारण चुना विरघळलेला त्यांनी आपले डोळ्यांनी पाहिला होता. मग त्यांतील एकाने पाय बदलला. मग धुके फाटले आणि मागे आणखी होते, आणि त्यांचे मागे आणखी, आणि काळे आणि करडे आणि ज्यांची नावे फक्त म्हाताऱ्यांस येत ऐसेही होते, आणि ते सर्व एकदम उठिले. काठावरील लोकांवर सावली पडली. गावात बाया वाळवण उचलावयास धावल्या.

कार्तिकात पाणी पुष्कळसे उतरले आणि खाली गाळ निघाला, लोण्यासारखा. सुभानजी पाटील आपले शेतात उतरले ते गुडघाभर रुतले, आणि तेथेच उभे राहोन हरभरा मुठीने फेकला. ठकूबाईने पलीकडून विचारिले, "नांगर विसरलात काय, भावजी?" पाटील म्हणाले, "बैल बुडेल. येऊ द्या येतो तसा." तो आला, आणि ऐसा आला की पाटलांनी एक डहाळा तोडोन राणीसरकारांस नेऊन दाखविला. मग राणीसरकारांनी ठराव केला की, पाळ पुन्हा घालू नये. अंताजीपंतांनी नदीचे बांधास दार करावे आणि श्रावणात ते उघडावे. तळाचा भाग बारमास पाण्याचा आणि पाखरांचा. बाकीची पाणकूस पावसाळ्यात नदीची आणि कार्तिकापासोन नांगर न लाविता पेरणारांची. आणि गावांपुढचा काठ मात्र पंतांनी मनासारखा बळकट करावा. पंतांनी तो ऐसा केला की पाहणारांस धडकी भरे. ज्यांस गाळपेर मिळाली ते संतोषले. ज्यांचा खरीप गेला ते काही दिवस कुरकुरले, आणि अद्यापही थोडके कुरकुरतात, तेही लिहिले पाहिजे.

पुढले साली दसऱ्याचा दरबार भरला तेव्हा एक गोष्ट जाहली. बैठक शेताचे उंचीप्रमाणे, आणि शेते तर सर्वांची तळची. तख्ताजवळच्या गाद्या रिकाम्या राहिल्या आणि सर्व मानकरी दाराशी जोड्यांजवळ दाटीने बसले, आणि सुभानजी पाटील आणि एक देशमुख यांत भांडण लागले की खरा तळचा कोण. पाटील म्हणाले, "प्रथम मी बोलिलो, बांध साक्षी आहे." देशमुख म्हणाले, "माझे शेत आजही ओले आहे, येऊन पाहा." तेवढ्यात ठकूबाई आली, आणि दोघांचे मध्ये कोपर घालोन म्हणाली, "सरका जरा. ही जागा माझी आहे, आणि तुम्ही तीवर बसला आहात." राणीसरकारांनी रिकाम्या दरबाराकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले, मग चोपदारांस सांगोन तख्त उचलविले आणि दाराशी आणविले, कारण त्यांची आंबराईही तळची होती.

येणेप्रमाणे जाहले. जोंधळा गेला, गावे राहिली, पाखरू आले. पाळेचे दगड अद्याप पाण्यात पडलेले आहेत आणि त्यांवर बगळे बसतात. आरणा दरसाल श्रावणात येते, पाणकुशीत बसते आणि कार्तिकात उठोन जाते. दारात भरलेली माती फोडोन ते उघडावयाची कुदळ मात्र अद्याप ठकूबाईचे घरी असते, आणि ती मागावयास सर्व मुलूख तिचे अंगणात जातो.